सुट्टीच्या घरातही चूल माझ्याच वाट्याला

एका वाचक भगिनींचे पत्र:

“आमच्या लग्नाला नऊ वर्षे झाली. दोघेही नोकरी करतो, घरात तिसरे कोणी नाही. रोजचा स्वयंपाक मी करते आणि मला तो आवडतो, निदान आवडत असे. माझा नवरा भांडी घासतो, कचरा बाहेर नेतो, सांगितलेले काम कधी टाळत नाही. गेल्या दोनेक वर्षांपासून त्याला शहराबाहेर जायची ओढ लागली आहे. महिन्यातून दोनदा तो एखाद्या खेड्यात, शेतांच्या मधोमध किंवा टेकडीच्या पायथ्याशी छोटेसे घर भाड्याने घेतो आणि उत्साहाने सांगतो, की हे सगळे तुला आराम मिळावा म्हणून. त्या घरांत स्वयंपाकघर असते, पण आसपास जेवणाची सोय नसते. त्यामुळे गुरुवारी रात्रीपासून माझी तयारी सुरू होते, तिथे परक्या शेगडीवर मीच रांधते आणि रविवारी रात्री परतल्यावर रिकाम्या फ्रिजसमोर मीच उभी असते. मागच्या खेपेला माझा तोल गेला आणि मी त्याला नको ते बोलले. तो म्हणाला, ‘तुझ्यासाठी एवढे करतो आणि तू तोंड पाडून बसतेस.’ पुढच्या सहलीला मी स्पष्ट नाही म्हणावे का? की मीच कृतघ्न आहे?”

सप्रेम नमस्कार.

तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आधीच देतो. तुम्ही कृतघ्न नाही. आणि पुढच्या सहलीला तुम्ही नाही म्हणू नये, असे मला वाटते. मात्र आज ती ज्या पद्धतीने ठरते आणि पार पडते, त्या पद्धतीने तिला जाऊही नये. तुम्हाला थकवणारी गोष्ट सहल नाही. स्वयंपाकाची सगळी जबाबदारी घरी तुमच्या डोक्यात असते आणि घर बदलले तरी ती तिथून हलत नाही, हे तुमच्या थकव्याचे कारण आहे.

पतीबद्दल तुम्ही लिहिले आहे, की ते सांगितलेले काम कधी टाळत नाहीत. हे तुम्ही कौतुकाने लिहिले असणार आणि ते खरोखरच कौतुकाचे आहे. पण अडचणीचे मूळही त्यातच आहे. काम ते करतात, परंतु ते सांगण्याचे काम तुमच्याकडे राहते. तेल किती उरले आहे, उद्या सकाळी काय खायचे, परवाची भाजी आज वापरली नाही तर टाकावी लागेल का, हा हिशेब तुम्ही कचेरीत बसून, रस्त्याने चालताना, झोपण्यापूर्वी करत असता आणि तो कोणालाही दिसत नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी ३५ जोडप्यांच्या मुलाखतींवर आधारलेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी घर चालवण्यामागच्या वैचारिक कामाचे चार टप्पे सांगितले आहेत: गरज आधीच ओळखणे, पर्याय शोधणे, निर्णय घेणे आणि ठरल्याप्रमाणे झाले की नाही यावर लक्ष ठेवणे. निर्णय बहुधा दोघे मिळून घेत होते. परंतु गरज ओळखण्याचा पहिला आणि लक्ष ठेवण्याचा शेवटचा टप्पा मुख्यत्वे बायकांकडे होता. माझ्या मते हेच दोन टप्पे माणसाला सर्वांत जास्त शिणवतात, कारण त्यांना ना ठरलेली वेळ असते, ना शेवट.

तुमच्या गुरुवारच्या रात्रीकडे या नजरेने पाहा. छोट्या बाटलीत मीठ भरून घ्यायचे, कारण तिथे मीठ असेलच असे नाही. सुरी बरोबर घ्यायची, कारण मागच्या घरातल्या सुरीने टोमॅटोसुद्धा नीट चिरला जात नव्हता. सकाळच्या चहासाठी दूध न्यायचे की तिथे मिळेल? तेलाच्या बाटलीचे झाकण गळते, म्हणून ती पिशवीत गुंडाळायची. पतिराज शुक्रवारी संध्याकाळी या भरलेल्या पिशव्या गाडीत ठेवतात, आणि आपण कामाला हातभार लावला असे त्यांना प्रामाणिकपणे वाटते. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पिशवी भरण्याआधी जे घडले ते त्यांच्यासमोर घडलेलेच नाही, एवढेच.

मात्र पत्र वाचताना आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि ती तुमच्या उपयोगाची आहे. वर सांगितलेले चारही टप्पे तुमचे पती एका बाबतीत स्वतःहून, कोणी न सांगता पार पाडतात, आणि ती बाब म्हणजे ही सहल. बायको दमली आहे हे त्यांनी ओळखले, घरे शोधली, त्यांतले एक निवडले, वाट आणि हवामान पाहिले, किल्ली कुठे मिळेल ते विचारून ठेवले. म्हणजे ज्या क्षमतेची तुम्हाला घरात उणीव भासते, ती त्यांच्याकडे आहे. तिची हद्द मात्र स्वयंपाकघराच्या दारापाशी संपते. म्हणूनच सहल बंद करण्याच्या मी विरोधात आहे. ज्या एका गोष्टीत ते पूर्ण पुढाकार घेतात तीच तुम्ही काढून घेतलीत, तर तुमच्या हाती काहीच येणार नाही आणि ते दुखावले जातील. त्याऐवजी त्या पुढाकाराची हद्द वाढवता येईल.

त्यांच्याशी बोलण्यापूर्वी एक गोष्ट करून पाहा. सहलीच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत जी जी कामे करावी लागतात, त्यांची यादी दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांना न दाखवता लिहावी आणि प्रत्येक कामापुढे आपला वाटा किती, हेही लिहावे. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३७ विवाहित जोडप्यांना घरातल्या २० गोष्टींबद्दल असाच प्रश्न विचारला होता. बहुतेक जोडप्यांत नवरा आणि बायको यांनी सांगितलेल्या वाट्यांची बेरीज पूर्णापेक्षा जास्त भरली. कोणी लबाडी करत होते असे नाही. आपण केलेले आपल्याला चटकन आठवते, दुसऱ्याने केलेले तितके आठवत नाही, असे त्याचे कारण त्यांनी दिले. तुमच्या यादीत मीठ, सुरी आणि दूध असेल. त्यांच्या यादीत दोन दिवसांत मिळून सात तास गाडी चालवणे, घरमालकाशी चार वेळा बोलणे किंवा पाऊस आला तर दुसरी वाट शोधून ठेवणे असेल, आणि त्यांतले काही तुम्ही आजवर मोजले नसण्याचीही शक्यता आहे. वाद जिंकण्यासाठी हा कागद वापरू नका. दोघांनी एकमेकांची यादी एकदा शांतपणे वाचली, तरी पुष्कळसे बोलणे सोपे होईल.

बोलण्याची वेळ नीट निवडा. रविवारी रात्री सामान उतरवताना तर नकोच, आणि दोघांपैकी कोणी भुकेलेले असतानाही नको. सिबिल कॅरेर आणि जॉन गॉटमन यांनी १२४ नवविवाहित जोडप्यांच्या मतभेदांवरील संभाषणांचा अभ्यास करून १९९९ मध्ये असे दाखवले होते, की संभाषणाच्या पहिल्या तीन मिनिटांतला सूर पाहूनही त्या लग्नाच्या पुढच्या वाटचालीचा अंदाज बांधता येतो. तेव्हा पहिले वाक्य तयार करून ठेवणे यात कृत्रिम असे काही नाही. “तू मला तिथेही कामाला जुंपतोस” या वाक्याने सुरुवात केलीत, तर ते आपल्या बचावाला लागतील आणि तुमचे म्हणणे ऐकण्याच्या मनःस्थितीत राहणार नाहीत. त्याऐवजी म्हणा: “मागच्या वेळी मी जे बोलले त्याचे मला वाईट वाटते. तू माझ्यासाठी हे सगळे करतोस, ते मला दिसते. पण तिथे पोहोचल्यापासून माझ्या डोक्यात पुढच्या जेवणाचाच विचार असतो, त्यामुळे मला आराम मिळत नाही. तो मिळावा म्हणून आपण काय बदलू शकतो, ते मला तुझ्याशी बोलायचे आहे.” यातले प्रत्येक वाक्य खरे आहे आणि एकातही आरोप नाही.

‘आराम मिळत नाही’ म्हणजे नेमके काय, हेही त्यांना समजावून सांगावे लागेल, कारण त्यांच्या दृष्टीने तुम्ही दोघेही एकाच अंगणात, त्याच हवेत दोन दिवस होतात. साबिने झोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ या संशोधकांनी २००७ मध्ये विश्रांतीचे चार घटक मांडले: कामापासून मन अलग होणे, अंग आणि मन सैल पडणे, काही नवे शिकल्याचा किंवा जमल्याचा आनंद आणि आपल्या वेळेवर आपला ताबा. तुमच्या पतींना त्या घरात यातले चारही घटक मिळत असावेत. ते गाडीतून उतरतात, शेताच्या बांधावरून लांब फिरून येतात, पक्षी पाहतात आणि परततात तेव्हा जेवण तयार असते. तुमचे फिरणे मात्र ‘एक वाजता भात लावायचा आहे’ या विचाराला बांधलेले असते आणि वेळेवर ताबा शेगडीचा असतो. हे त्यांना याच शब्दांत, उदाहरणासह सांगा. माझा अंदाज आहे की हे ऐकून त्यांना आश्चर्य वाटेल.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, आणि तो घरचा आहे. जो माणूस घरी आठवडाभर स्वयंपाकाच्या वाटेला जात नाही, त्याला सुट्टीत परक्या स्वयंपाकघरात उभे करून काही साधत नाही. तो गोंधळेल, तुम्ही मध्ये पडाल आणि पुन्हा जैसे थे होईल. म्हणून आठवड्यातली दोन रात्रीची जेवणे, उदाहरणार्थ मंगळवारचे आणि गुरुवारचे, संपूर्णपणे त्यांच्याकडे द्या. संपूर्णपणे म्हणजे फ्रिजमध्ये काय आहे ते त्यांनीच पाहायचे, काय करायचे ते त्यांनीच ठरवायचे, कमी असेल ते त्यांनीच आणायचे, शिजवायचे आणि उरलेले झाकून ठेवायचे. संध्याकाळी सहा वाजता “आज काय करू?” असा त्यांचा फोन आला, तर प्रेमाने सांगा, की आज ते ठरवणे तुझ्याकडे आहे. हे उत्तर देणे तुम्हाला जड जाईल, कारण ‘तो कोबी संपव’ एवढे सांगून मोकळे होणे सोपे वाटते. पण त्या क्षणी ठरवण्याचे काम पुन्हा तुमच्याकडे आलेले असते. पहिले काही आठवडे भात, एक भाजी आणि अंडी एवढेच पानात पडेल. त्याने काही बिघडत नाही.

या काळात तुमच्याही वाट्याला एक कठीण काम आहे आणि त्याबद्दल मला स्पष्ट लिहिले पाहिजे. अनुभवी माणूस नवख्याच्या मागे उभा राहिला, की काय होते ते डोळ्यांसमोर आणा. त्यांनी कांदा जाडाभरडा चिरला आहे, आच मोठी ठेवली आहे, कडा काळ्या पडू लागल्या आहेत आणि मधला भाग अजून पांढराच आहे. तुम्ही दारातून म्हणता, “आच कमी कर.” मग, “इतके तेल?” मग, “सरक, मी बघते.” तुमचे प्रत्येक वाक्य बरोबर असते, तरीही तिसऱ्या वाक्यानंतर तो स्वयंपाक त्यांचा राहिलेला नसतो, आणि लक्ष ठेवण्याचा तो शेवटचा टप्पा पुन्हा तुमच्याकडे आलेला असतो. कांदा मंद आचेवर सावकाश परतावा लागतो, हे एकदोनदा करपल्यावर त्यांचे त्यांनाच कळेल आणि मग ते विसरणार नाहीत. तेव्हा त्या दोन संध्याकाळी स्वयंपाकघरातून बाहेर पडा, जमल्यास घरातूनच बाहेर पडा. त्यांनी विचारले तर मात्र हातचे न राखता सांगा. विचारलेले सांगणे आणि न विचारता सुधारणे यांत मोठा फरक आहे.

अर्थात सगळेच सोडून द्यावे असे मी म्हणत नाही. आरोग्याशी संबंधित गोष्टी आणि आपल्या हाताच्या सवयी यांची फारकत करा. शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, फ्रिज ५ अंश सेल्सियसच्या खाली असावा, उरलेले अन्न तीन दिवसांत संपवावे आणि खाण्यापूर्वी वाफा येईपर्यंत सगळीकडून गरम करावे, कच्चे मांस आणि तयार अन्न यांची सुरी व पाट वेगळे असावेत, ह्या बाबतीत तडजोड नाही. भाताबद्दल विशेष सावध राहावे, कारण तो बराच वेळ बाहेर राहिला तर त्यात वाढणाऱ्या जिवाणूचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. हे नियम एकदा बसून दोघांनी मान्य करावेत. याउलट कोणते भांडे वापरले, भाजीचे तुकडे केवढे केले, ओटा जेवणाआधी पुसला की नंतर, ह्या तुमच्या सवयी आहेत. चांगल्या असतील, पण त्यांना नियम मानण्याचे कारण नाही.

घरी ही घडी थोडीफार बसली, की सहलीचा प्रश्न बराचसा सुटतो. माझी सूचना अशी, की घर ठरवणारी व्यक्ती त्या दोन दिवसांच्या जेवणाचीही मालक असावी. घरमालकाला ते ज्या सहजतेने वाट विचारतात, त्याच सहजतेने त्यांनी हेही विचारावे: फ्रिज आहे का, शेगडी गॅसची की इंडक्शनची, मोठे पातेले आणि धारदार सुरी आहे का, सर्वांत जवळचे दुकान किती दूर आहे आणि ते कधी बंद होते. इंडक्शनवर लोहचुंबक ज्याच्या तळाला चिकटतो तेच भांडे चालते, हे ऐन वेळी कळले तर फजिती होते. पहिल्या रात्रीसाठी एक साधी सोय करता येते. त्यांच्या मंगळवारच्या स्वयंपाकातले घट्ट सूप किंवा रस्सा दुप्पट करून निम्मा भाग फ्रीझरमध्ये गोठवून ठेवावा आणि निघताना तो डबा थंडाव्याच्या पेटीत टाकावा. वाटेत तो बाकीचे सामान गार ठेवतो, आणि पोहोचल्यावर बर्फ शिल्लक असतानाच उकळून घेतला की दहा-पंधरा मिनिटांत जेवण होते. दुसऱ्या दिवशी एकदाच रांधावे, उरलेल्या वेळी पाव, फळे, उकडलेली अंडी यांवर भागवावे. आणि मधूनमधून असेही ठिकाण निवडावे, जिथे घरमालक स्वतः जेवण देतात. त्यासाठी चार पैसे जास्त पडत असतील, तर दोनऐवजी महिन्यातून एकदाच जा. थकवणाऱ्या दोन सहलींपेक्षा ती एक मला अधिक मोलाची वाटते.

रविवारची रात्रही यात धरा, कारण ती नेहमी विसरली जाते. परतल्यावरचे जेवण, धुवायचे कपडे आणि सोमवारचा डबा ही सहलीचीच कामे आहेत, तेव्हा तीही आधीच वाटून घेतलेली असावीत. काही जोडपी दुपारीच निघून अंधार पडण्यापूर्वी घरी पोहोचतात. शेवटचे चार तास बाहेर कमी मिळतात, पण आठवड्याची सुरुवात चिडचिडीने होत नाही. तुमच्या पतींना संध्याकाळची ती वेळ सर्वांत प्रिय असेल तर ते कुरकुर करतील. आलटून पालटून करा.

एका वाक्याकडे मात्र मला पुन्हा यावेसे वाटते: “मला तो आवडतो, निदान आवडत असे.” हे वाचून मला वाईट वाटले. रोज दोन वेळा, वर्षानुवर्षे, न चुकता करावी लागणारी गोष्ट कितीही आवडती असली तरी तिचा कंटाळा येतो, आणि त्यात तुमचा दोष नाही. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मोकळ्या झाल्या, की कदाचित एखाद्या शनिवारी त्या गावच्या घरात, खिडकीबाहेर शेत दिसत असताना, तुम्हालाच काहीतरी करावेसे वाटेल. तेव्हा जरूर करा. फक्त आधी सांगून करा, की आज मला हौस आली आहे म्हणून करते आहे. नाहीतर पुढच्या खेपेला तेच गृहीत धरले जाईल.

आणि त्यांनी हे सगळे ऐकून “मला जमणार नाही” असे म्हटले तर? एकदोनदा म्हणतील, तेव्हा महिनाभराची मुदत ठरवू आणि त्यानंतर पुन्हा बोलू, असे त्यांना सांगा. त्यानंतरही ते जेवणाचा विचार करायलाच तयार नसतील, तर मग स्वयंपाकघर असलेल्या घराला तुम्ही खुशाल नकार द्या आणि तो नकार कशाला आहे, हे नीट सांगा: सहलीला नाही, त्यांच्या सोबतीला नाही, तिथल्या शेगडीला. पुढच्या सहलीचे घर ठरून गेले असेल तर ते रद्द करू नका. या गुरुवारी रात्री पिशवी भरायला तुम्ही बसू नका. काय न्यायचे त्याची यादी त्यांना करू द्या, आणि मीठ राहिले तर राहू द्या.